तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना

बंगळुरूत कोरमंगलाच्या मागच्या अंगाला, ईजीपुऱ्याच्या हद्दीवर, चाळिशीला टेकलेली एक इमारत आहे. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण बारा घरं. नावाची पाटी रंगाच्या थरांखाली केव्हाच बुजली. गच्चीवर काळ्या सिंटेक्स टाक्या, अंगणात जमिनीखाली पाण्याचा संप, फाटकाशी एक सोनमोहर. या इमारतीतला सगळ्यात जुना रहिवासी म्हणजे तिचा जिना. मालक बदलले, भाडेकरू आले नि गेले, मुलं मोठी होऊन व्हाइटफील्डला किंवा परदेशी गेली. सगळ्यांचं सामान यानेच चढवलं आणि यानेच उतरवलं.

अंगाने तो मजबूत आहे. पायऱ्या सादरहळ्ळीच्या करड्या ग्रॅनाइटच्या. आज जिकडे विमानतळ आहे त्या बाजूच्या खाणींनी या शहराला पिढ्यान्‌पिढ्या उंबरे, खांब आणि कुंपणाचे दगडी खुंट पुरवले. त्याच दगडाची एकेक अखंड फळी भिंतीत रोवून हा जिना उभा केला आहे. गिलावा पडला, कठड्याच्या लोखंडाला गंज धरला, पण दगडाची धार तेवढी झिजली. प्रत्येक पायरीचा मधला भाग पावलांनी गुळगुळीत झालाय. पहिल्या मजल्याच्या चढणीवर तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालेला आहे; तिथे नवखा माणूस हमखास अडखळतो, राहणाऱ्याचा पाय न बघता डावीकडे सरकतो. मजल्याला सोळा-सतरा पायऱ्या, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या दारापर्यंत पन्नासेक. रुंदी तीन फूट. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते.

रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी सिमेंटची जाळी आहे. तिच्यातून सकाळी ऊन पायऱ्यांवर चौकटी पाडतं आणि संध्याकाळी वारा आत शिरतो. बंगळुरूची हवा असा उघडा जिना मानवणारी आहे. त्यामुळे दिवसा याला एक दिवाही लागत नाही, उकाड्यात पंखा लागत नाही. या शहरात अलीकडे उभ्या राहिलेल्या कित्येक टॉवरांमध्ये जिना म्हणजे आगीच्या वेळी उघडायचा बंद दरवाजा, आत दिवसरात्र ट्यूबलाइट. हा जिना मात्र फुकटच्या उजेडावर आणि वाऱ्यावर चाळीस वर्षं चालत आला आहे. शाश्वत बांधकामावर बोलणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढं तरी शिकून घ्यावं.

माणसं जोडण्यातही तो उदार आहे. पहाटे नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या त्याच्यावरून वर जातात. सोप्पूवाल्याची, म्हणजे पालेभाजीवाल्याची, हाक आली की दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का अर्ध्या वाटेवर येऊन थांबतात, भाजीवाला अर्धी वाट चढतो, व्यवहार मधल्या लँडिंगवर होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं पायऱ्यांवर पत्ते मांडून बसतात. तमिळ, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि आमची मराठी, एवढ्या भाषांची भांडणं त्याने ऐकली आणि तेवढीच समेटाचीही बोलणी. लिफ्टमध्ये शेजारी मोबाइलकडे बघतात. जिन्यावर दम खायला थांबलेला माणूस दुसऱ्याची विचारपूस करतोच.

पण त्याच्यात एक दोष आहे आणि तो बाकी सगळ्या गुणांवर मात करणारा आहे. तो पायांवरून माणसं निवडतो.

हे निवडणं भाड्यात दिसतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरचं घर स्वस्त. या गल्लीत तळमजला महाग, पहिला मजला त्याहून थोडा कमी, आणि तिसरा सगळ्यात स्वस्त. बंगळुरूत भाड्याआधी आठ-दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स मोजायची रीत आहे. काही ओनर भाड्याऐवजी एकरकमी पैसे घेऊन घर ‘लीज’वर देतात. दोन्ही रकमा जिथे कमीत कमी, तिथे म्हणजे वरती, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारं जोडपं राहतं, घरोघरी डबे पोचवणारा पोरगा राहतो आणि पेन्शनवर जगणाऱ्या एक अज्जी राहत होत्या. म्हणजे या जिन्याच्या कष्टामुळे काही गरिबांना कोरमंगलासारख्या महागड्या वस्तीशेजारी डोक्यावर छप्पर मिळालं. त्यांनी घराच्या किमतीचा एक हिस्सा पैशात दिला आणि उरलेला गुडघ्यांत.

ज्याच्याकडे हा दुसरा हिस्सा नाही त्याचं काय? तळमजल्यावर, पूर्वी जिथे स्कूटर लावत तिथे विटांची भिंत घालून एक खोली काढली आहे. तिच्यात मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण राहतो. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. तिसऱ्या मजल्यावरचं स्वस्त घर रिकामं होतं तेव्हा ते त्याच्या खिशाला परवडणारं होतं, पण तिथवर पोचणं शक्य नव्हतं. म्हणून वरच्या शिवणकाम करणाऱ्यांपेक्षा कमी कमावणारा हा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त भाडं भरतो. ज्याला चालता येत नाही त्याच्याकडून शहर जास्त पैसे घेतं, आणि हा हिशेब कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या अज्जींचा हिशेब वेगळा. त्या या घरात आल्या तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या आणि दिवसातून चारदा खाली-वर करत. मग दोनदा. मग फक्त शुक्रवारी देवळात जाण्यापुरतं. मग तेही थांबलं. जिना होता तेवढाच राहिला, त्यांचा दम मात्र दर वर्षी एकेका मजल्याने आखूड होत गेला. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याच्या खांद्यावर तीस किलोंचं ओझं असतं, त्यातला गॅस १४.२ किलो आणि बाकीचं लोखंड. वर पोचवायचे वेगळे पैसे त्या निमूट देत.

एकदा न्हाणीघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका फाटकाशी आली, स्ट्रेचर जिन्यापाशी आलं आणि पहिल्याच लँडिंगवर अडलं, कारण तीन फुटांच्या वळणात सहा फुटांचं स्ट्रेचर फिरत नाही. शेवटी घरातली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. अज्जींना तिच्यात बसवलं, छातीवरून साडी गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधलं. दोघांनी पुढचे पाय धरले, दोघांनी पाठ. पुढचे दोघे उलटे, पाठमोरे उतरत होते, पायाने पायरी चाचपत. उडालेल्या कोपऱ्याशी आल्यावर कुणीतरी ओरडलं, “एडक्के, एडक्के!” आणि चौघेही डावीकडे सरकले. अज्जींनी डोळे घट्ट मिटून कठडा धरला होता आणि दर दोन पायऱ्यांनी त्यांची बोटं सोडवावी लागत होती. त्या बऱ्या झाल्या, पण परत या घरात येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या लेकीने त्यांना म्हैसूरला नेलं. घराचा करार अजून त्यांच्याच नावावर आहे. इमारत धडधाकट असताना, भिंतीला तडा नसताना, एका माणसापुरती ती पडली.

हे शहर पाणी कसं पितं ते आठवलं की हा प्रसंग अधिकच टोचतो. बंगळुरूचं नळाचं पाणी कावेरीतून येतं, सुमारे १०० किलोमीटरवरून, आणि वाटेत अर्ध्या किलोमीटरच्या आसपास उंच चढवावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्यातून दिवसाला आणखी ७७.५ कोटी लिटर पाणी आणायची सोय झाली. आख्खी नदी पठारावर चढवण्याची हिंमत, पैसा आणि वीज ज्या शहराकडे आहे, त्याला एका म्हातारीला नऊ मीटर चढवणं जड जावं, हे पटण्यासारखं नाही.

कुणी म्हणेल, उतार बांधा. पण चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेला उतार एकास बारा आहे, एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. तीन मजल्यांच्या नऊ मीटरसाठी शंभर मीटरहून लांब उतार लागेल आणि मधले विसाव्याचे टप्पे वेगळे. तेवढी जागा या प्लॉटवर नाही. फाटकापासून तळमजल्याच्या उंबऱ्यापर्यंत उतार हवाच. त्याच्या वर लिफ्टला पर्याय नाही.

आणि लिफ्ट आली की किंमत येते. पुनर्विकासाच्या गोष्टीतली खरी गाठ ही आहे.

गेल्या वर्षी गच्चीवर सभा भरली. विकसकाचा माणूस रंगीत पत्रकं घेऊन आला होता: जुनी इमारत पाडायची, जास्तीचे मजले चढवायचे, दोन लिफ्ट, जिम, क्लबहाउस, प्रत्येक मालकाला मोठं घर. मालक खुर्च्यांवर बसले. शिवणकाम करणारं जोडपं, डबेवाला पोरगा आणि लीजवर राहणारी दोन कुटुंबं गच्चीच्या दारात, जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर बसून ऐकत होती. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. तळमजल्यावरच्या तरुणाला तर गच्चीवर येताच आलं नाही. सगळ्यात आधी ज्याला लिफ्ट हवी होती तोच सभेला नव्हता. देखभालीचा खर्च दरमहा चौरस फुटांवर लागेल, असं सांगितलं गेलं. तो कोणाला परवडेल, हे कोणी विचारलं नाही.

पुनर्विकासाचं हे दार कायद्यातही अर्धंच उघडं आहे. कर्नाटकात १९७२चा अपार्टमेंट मालकी कायदा आहे, आणि त्यातून मिळकत बाहेर काढायची तर सगळ्याच मालकांची संमती लागते. एक मालक परदेशात, एक वारसांच्या वादात, की काम अडलं. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९च्या शासन निर्णयाने ५१ टक्के संमती पुरेशी धरली, म्हणून तिथे कामं वेगाने निघतात. पण दोन्हीकडे मत मोजलं जातं ते मालकाचं. ज्यांनी वर्षानुवर्षं या पायऱ्या चढल्या त्यांच्याकडून संमती घ्यायची पद्धत नाही.

भाडेकरूंना मोजायचं विसरलं की काय होतं, हे पाहायला लांब जावं लागत नाही. या जिन्यावरून उतरून थोडं चाललं की ईजीपुऱ्याच्या ई.डब्ल्यू.एस. क्वार्टर्सची जागा येते, जवळपास पंधरा एकरांची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेने दुर्बल घटकांसाठी इथे ४२ ब्लॉक बांधले, दीड हजारांच्या आसपास घरं. दशक उलटतं न उलटतं तोच बांधकाम ढासळू लागलं, इमारत कोसळली, आणि पुढे ब्लॉक पाडावे लागले. लोक त्याच जागेवर पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. मग खाजगी विकसकाशी भागीदारी ठरली: जमिनीच्या एका भागावर गरिबांची घरं, दुसऱ्या भागावर व्यापारी संकुल. जानेवारी २०१३ मध्ये चार दिवस बुलडोझर चालले आणि सुमारे पाच हजार माणसं बेघर झाली. वाद होता तो हाच की यातले मूळ लाभार्थी किती आणि भाडेकरू किती. कित्येक कुटुंबं पुढे त्याच जागेच्या कडेला फुटपाथवर ताडपत्री बांधून राहिली. ज्या पुनर्विकासाच्या नावाखाली हे झालं, त्याने आधी शेड पाडल्या. घरं नंतर बांधायची होती. क्रम उलटा असता तर पाच हजार माणसांची थंडी टळली असती.

क्रम सुलटा ठेवता येतो, हे मुंबईच्या बीडीडी चाळींनी दाखवलं. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला सरकारने २०७ चाळी बांधल्या. एकेका खोलीचं क्षेत्र १६० चौरस फूट, संडास सामाईक. शंभर वर्षं गिरणी कामगार, पोलीस, सफाई कामगार यांनी तिथे संसार केले. ते भाडेकरूच होते. तरीही पुनर्विकासात त्यांनाच हक्काचे रहिवासी मानलं गेलं, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यासाठी दशकांचा झगडा लागला, आणि जमीन सरकारी होती म्हणून ते जमलं, हे खरं. उंच टॉवरमधल्या लिफ्ट, पंप आणि दिव्यांचा खर्च म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाची मदत संपल्यावर या कुटुंबांना पेलेल का, हा प्रश्नही तिथे घराघरांत बोलला जातो. पण सुरुवात माणसांची यादी करून झाली, आणि ती यादी भाडेकरूंची होती.

पाडणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. सिंगापूरमध्ये जुन्या सरकारी इमारतींच्या लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबत. मधल्या मजल्यांच्या म्हाताऱ्यांना जिना चुकत नसे. २००१ पासून तिथे इमारतींना बाहेरून नवे लिफ्टचे मनोरे जोडले गेले, रहिवाशांचं मत घेऊन, आणि बहुतेक खर्च सरकारने उचलला. एका घरावरचा बोजा ३,००० सिंगापूर डॉलरच्या वर जाऊ दिला नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात १९६०च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारतींतली ५३० घरं अशीच सुधारली. वास्तुविशारद ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या न पाडता काम केलं. त्यांनी बाहेरून प्रत्येक घराला काचेची प्रशस्त गॅलरी जोडली, लिफ्ट सुधारल्या, आणि काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले. पुढे २०२१ साली दोघांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. उभी इमारत पाडली की तिच्यातलं सिमेंट आणि लोखंड बनवायला जाळलेलं सगळं इंधन मातीत जातं आणि तेच पुन्हा जाळावं लागतं. म्हणून वाचवता येईल तेवढी इमारत वाचवणं हा शाश्वत घरबांधणीचा पहिला धडा आहे.

आमच्या जिन्याला हे लागू पडतं. सांगाडा सुस्थितीत आहे की नाही, हे स्ट्रक्चरल ऑडिट सांगेल. असेल तर जाळीच्या बाहेर, अंगणाच्या बाजूला लिफ्टचा एक मनोरा उभा राहू शकतो. नसेल, आणि पाडावंच लागलं, तर या दगडी फळ्या अखंड निघतात; दुसऱ्या जन्मीही त्या पायऱ्याच होऊ शकतात. ठराविक आकाराहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवणं बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्याने २००९ पासून बंधनकारक केलेलं आहेच, तेव्हा संप आणि गच्ची त्या कामाला लागावी. गच्चीवरच्या सौर पट्ट्यांनी लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी करता येतं, म्हणजे देखभालीचा खर्च पेन्शनच्या आवाक्यात राहतो. इथे हिरवं बांधकाम आणि परवडणारं बांधकाम एकच होतं: कमी वीज म्हणजे कमी मासिक हप्ता.

सुगम्यता ही कुणाची मेहेरबानी राहिलेली नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम सल्ल्यापुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. सार्वजनिक जागांच्या लढाईतून आलेला हा विचार राहत्या इमारतीच्या दारापर्यंत पोचवणं आता सोसायट्यांच्या हातात आहे.

मला या जिन्याबद्दल माया आहे आणि तो जसा आहे तसा राहू नये असंही मनापासून वाटतं. नव्या इमारतीतही उघडा, उजेडाचा, रुंद जिना हवाच. वीज गेली, आग लागली की शेवटी आधार त्याचाच. मुलांना बसायला, शेजाऱ्यांना भेटायला जागा तोच देतो. फक्त माणसं निवडायचं काम त्याच्याकडून काढून घ्यायला हवं, आणि ते लिफ्टच्या देखभालीच्या बिलाकडेही सोपवता कामा नये. नाही तर आज गुडघे अडवतात, उद्या पैसे अडवतील.

म्हणून पुढच्या सभेसाठी काही मालकांनी मिळून मागण्या लिहून काढल्या आहेत. सभा गच्चीवर न भरवता अंगणात भरवावी, म्हणजे तळमजल्यावरच्या तरुणाला बोलता येईल. लीजवरच्या आणि भाड्याच्या कुटुंबांची नावं करारात यावीत, बांधकाम चालू असताना त्यांची सोय कुठे ते लिहिलेलं असावं, आणि परत येण्याचा हक्क व पहिल्या काही वर्षांच्या भाड्याची मर्यादा ठरावी. लिफ्टचं दार चाकाची खुर्ची सहज आत जाईल एवढं रुंद असावं आणि तिच्यात स्ट्रेचर मावावं. जिम आणि क्लबहाउस वगळून त्यांचे पैसे देखभालीच्या ठेवीत टाकावेत. यातल्या एकाही मागणीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. विकसकाचा नफा यातून थोडा घटेल, मालकांच्या वाट्याचे काही चौरस फूटही कमी होतील. माझ्या वाट्याचे कमी झाले तर मला चालतील. म्हैसूरच्या अज्जींना फोन करून, त्यांच्या नावापुढे तिसऱ्या मजल्याचं तेच घर मागण्यांच्या कागदावर लिहून घेतलं आहे, आणि त्यांची सही पोस्टाने आली आहे.